फळीवरच्या कांड्या

शहापुरातल्या आण्णाप्पा विणकरानं कुत्र्याच्या पिलापायी घर उलटंपालटं केलं, तेव्हा गल्लीला हसायला चांगला विषय मिळाला. बायको गुणाबाई गेल्यापासून जो माणूस स्वतःसाठी धड भाकरी थापत नव्हता, तो आता गुडघ्यांवर रांगत जमिनीवरचा खिळान् खिळा वेचत होता.

पिलाचं नाव धोटा. मागावरच्या धोट्यासारखं सारखं इकडून तिकडं पळायचं म्हणून. आण्णाप्पा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला की ते खाली उतरून त्याच्या डाव्या पावलावर झोपायचं, आणि मग तो मागाची पायाखालची डावी पावडी जरा जपूनच दाबायचा. पण जागं असलं की तोंडाला उसंत नाही. सुई गिळता गिळता राहिलं, कंदिलाची फुटकी काच चावली. गुणाबाईचं जोडवं तर घशात बोट घालून काढावं लागलं. घरात बोलायला एवढा एकच जीव उरलेला, तोही जाईल या भीतीनं त्याला घास गोड लागेना.

मग त्यानं सुया, कात्री, बटणं, सगळं वरच्या फळीवर चढवलं. दाराच्या चौकटीला कडुलिंबाचा रस फासला. शेजारची मालुबाई त्याला सुताच्या कांड्या भरून द्यायची. कांडीची नळी दाताखाली फुटून घशात टोचेल म्हणून कांड्याही फळीवरच ठेवायच्या, असा तिला हुकूम.

"माझा हात पोचत न्हाय तिथं, आण्णा," ती कुरकुरायची.

"पायाखाली पाट घे की."

सुताचं मात्र त्याच्या मनातच आलं नाही. चाळीस वर्षं त्याचे हात सुतातच होते, सुतानं कधी कुणाचं वाईट केलंय? खळ लावलेलं सूत दारापुढं दोरीवर वाळायचं. त्या खळीला तांदळाच्या पेजेचा वास असतो, आणि पिलाच्या नाकानं तो हेरला.

एका सकाळी धोट्यानं दूध ओकलं आणि तो कोपऱ्यात जाऊन बसला. आण्णाप्पानं जबडा उघडून पाहिला. जिभेला सुताचा वेढा बसलेला, आणि सूत तसंच घशात उतरलेलं. त्याला उलट हायसं वाटलं. सुई नव्हे, काच नव्हे, आपलंच सूत. कात्री फळीवर होती, पण ती घ्यावी असं त्याच्या डोक्यात आलं नाही. लढाईमुळं सूत मिळेनासं झालेलं, आणि एक धागा न तोडता गुंता सोडवण्यात शहापुरात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पिलाला मांडीवर घेऊन त्यानं वेढा सोडवला. मग जरा ढील देत, जरा ताणत, तो सूत ओढू लागला. पिलू कळवळलं.

"झालं रं, झालं," तो म्हणत राहिला.

दोन हात सूत अखंड बाहेर आलं. सवयीनं ते त्यानं बोटाला गुंडाळलंसुद्धा. शेवटचं टोक लाल होतं.

दुपारनंतर पोट फुगून ताठ झालं. मालुबाईनं भावकूला बोलावून आणलं. लष्कराच्या कॅम्पातली घोडी सांभाळण्यात त्याची हयात गेलेली. पोटाला हात लावून त्यानं विचारलं, "सूत वडलं कुणी?"

"मीच. तुटू दिलं न्हाय."

भावकूनं पोटावरचा हात काढून घेतला. "कापून सोडायचं हुतं, आण्णाप्पा. ताणलं की सूत आतडं चिरत येतंय. आता आपल्या हातात काय न्हाय."

त्यानं थोबाडीत मारली असती तर आण्णाप्पाला बरं वाटलं असतं. दिवेलागणीला धोटा त्याच्या मांडीवरच गेला.

तिसऱ्या दिवशी आण्णाप्पा मागावर बसला. डावी पावडी अजून जपूनच दाबली जात होती. मालुबाई कांड्या घेऊन आली, तिनं पाट ओढला आणि टाचा उंचावून फळीकडं हात नेला.

"ऱ्हाऊ दे," आण्णाप्पा म्हणाला. "खालीच ठेव."