कापसातलं पातेलं

बांगडी मनगटावरून जी सुटली ती थेट कोपरापर्यंत घसरली, आणि सुलतानबीच्या काळजात चर्र झालं.

"थांब वं पोरी," ती घाईघाईने म्हणाली, "मापच चुकलं माह्यं. हे घे, लहान घे."

माप चुकलं नव्हतं. जऊळक्याच्या स्टेशनापासून आसेगावच्या बाजारापर्यंत घरोघरच्या बायकांना बांगड्या भरण्यात सुलतानबीचा जन्म गेला होता. हात नुसता हातात घेतला की माप कळायचं. दोन वर्षांपूर्वी हीच गोमती काठेवाडातून नवी नवरी होऊन कापसाच्या जिनवाल्या सेठच्या घरी आली, तेव्हा तिचा गुबगुबीत हात दाबता दाबता सुलतानबीला घाम फुटला होता. पोरगी "ओय बा, ओय बा" करत ओरडत होती आणि खुदुखुदु हसतही होती. आज सुलतानबीने पोरीबाळींच्या जुडीतली बांगडी काढली, तर तीही न दाबता आत गेली. गोमती भिंतीकडे बघत बसली होती. हात आपला नव्हेच, अशी.

तिचं बाळ दिवाळीच्या तोंडावर गेलं होतं. तेव्हापासून तिने अन्नच टाकलं. दोन घास पुढ्यात चिवडायचे आणि ताट सरकवायचं. बाशीमचे वैद्य झाले, अकोल्याहून गाडीने डॉक्टर येऊन गेला. सेठ बिचारा काटे लावून कापूस मोजायचा, पण बायको डोळ्यांदेखत वाळत चालली त्याला काय करावं ते समजेना. घरात दुसरं बाईमाणूस म्हणजे सेठची विधवा आत्या, फईबा. वऱ्हाडात चाळीस वर्षं काढून त्या वऱ्हाडीच बोलायच्या, पण सोवळं मात्र काठेवाडचं, तेही अगदी कडक. सुलतानबीची हद्द ओसरीपर्यंत, आणि तिनेही ती कधी ओलांडली नव्हती.

सुलतानबीने ते मनगट सोडलं नाही. असं मनगट तिने यापूर्वी एकदाच धरलं होतं, ते स्वतःच्या लेकीचं. लतीफा बाळंतपणानंतर अशीच सुकत गेली. आई उशाशी बसून "काय खातं वं, सांग ना" म्हणत राहिली, आणि लतीफा मान हलवत राहिली. मग एके दिवशी तीही हलेनाशी झाली. सुलतानबीने आता मनाशी गाठ बांधली. या पोरीला जाऊ द्यायचं नाही. कोण कुठली, कोणत्या जातीची, ते मागून पाहू.

"काय खावंसं वाटते तुले?" तिने विचारलं. "लाजू नको. काही सांग. आभाळातलं सांग."

 गोमती भिंतीलाच सांगावं तसं म्हणाली, "मारी बाना ढोकळा."

"आईच्या हातचा ढोकळा म्हणते," फईबा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "अवं, केला होता ना मी मांगच्या हप्त्यात! तांदूळ, हरबऱ्याची दाळ, उडदाची दाळ, सारं जाड्याभरड्या पिठाचं, आंबट ताकात भिजवलं. रातभर ठेवलं. सकाळी पाहते तं पीठ जसंच्या तसं, ढिम्म! वाफवलं तं दगडाची लादी झाली. गाईपुढं टाकलं, तिनंही वास घेतला अन् तोंड फिरवलं. या जमिनीत फुगतच नाही ते."

"ठेवलं कुठी होतं?"

"कुठी म्हंजे? रसोड्यात. सांजच्याला चूल विझवून, सारवून, फरशी धुऊन काढली अन् मधोमध ठेवलं. सोवळ्यातलं हाय ते, असं कुठंही ठेवून चालते काय?"

सुलतानबीने कपाळावर हात मारून घेतला. "अवं माय माय माय! पुसाच्या थंडीत, ओल्या फरशीवर, विझल्या चुलीजवळ! माणूस निजवला तं तोही आखडून जाईन, फईबा! ते तं बिचारं पीठ!"

फईबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आमच्या देशात असंच करते. माह्या आजीपासून."

"तुमच्या देशात थंडी कुठी हाय? इथं पहाटे घागरीतलं पाणी दात पाडते."

हे मात्र फईबांना नाकारता येईना. मग दोघींचा खल सुरू झाला. चूल रात्रभर पेटती ठेवावी तर एका बाजूने पीठ शिजून जायचं. सुलतानबीच्या घरची गोधडी गुंडाळावी तर, तोबा, ते बोलूसुद्धा नये. आणि तेवढ्यात वाड्यामागच्या जिनाची शिटी झाली. तिथल्या कामाच्या बाया घरी निघाल्या, आणि सुलतानबी एकदम ताठ बसली.

"कापूस!" ती म्हणाली. "जिनातल्या ढिगात हात घालून पाहा कधी. आत कसं गरम राह्यते! पातेलं गळ्यापर्यंत पुरा त्यात."

"कापसात?" फईबा उसळल्या. "साऱ्या गावाच्या पायाखालच्या कापसात? शंभर जातीचे हात लागते त्याले! सुलतानबी, तुह्यं डोकं ठिकाण्यावर हाय काय?"

"फईबा, तुमच्या देवापुढं वात लावता ना रोज?"

"लावते. मंग?"

"ते कायची असते?"

फईबांनी मान वळवून देवघराकडे पाहिलं.  मग म्हणाल्या, "मी नाही नेणार बाई ते पातेलं. मले पाप नको."

सुलतानबीला तर हात लावायची सोय नव्हती. पातेलं न्यायचं कोणी? ओसरीवर दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत बसल्या. आणि गोमती भिंतीला हात टेकून उठली. तिला झोक गेला, तशी फईबा धावल्या. पोरीने त्यांचा हात बाजूला केला आणि पदर खोचत आत गेली.

पीठ तिनेच ताकात कालवलं. दिवस कलता कलता ती छातीशी पातेलं धरून जिनाच्या शेडमध्ये शिरली. मागे सोवळं सावरत फईबा, त्यांच्यामागे सुलतानबी. कापसाचा ढीग छताला लागला होता. ढिगाच्या कडेला एकटी मागे राहिलेली हिरीबाई आपलं बोचकं बांधत होती. ही तांड्यावरची बाई, सरकी वेचायला यायची.

"हिरे, खोल जागा दाखव वं एखांदी," सुलतानबी म्हणाली. "चांगली उबेची."

"उबेची पायजे तं हे," हिरीबाई हसत म्हणाली आणि ढिगातल्या खळग्याकडे बोट केलं. मग तिचं लक्ष गोमतीकडे गेलं आणि ती चरकलीच. खळग्यात तिचं लेकरू निजलं होतं. उबेने गाल लाल झाले होते, मूठ तोंडाशी. हिरीबाईने झटक्यात लेकरू उचललं आणि त्याच्या तोंडावरून पदर ओढला. तिचं चुकलं असं कोण म्हणेल? ओटी रिकामी झालेल्या बाईपासून लेकरू झाकायचं, हे साऱ्याच बाया करतात. गोमतीनेही मागच्या वर्षी केलं असतं. पण त्या पदराकडे ती ज्या नजरेने पाहत राहिली, ते सुलतानबीला पाहवेना. आता ही पातेलं टाकून पळते की काय, म्हणून तिचा जीव नुसता टांगणीला लागला.

"झाकू नको," गोमती हळूच म्हणाली. मोडकं बोलणं तिचं, पण स्वच्छ ऐकू आलं. "श्वास घेऊ दे त्याला."

हिरीबाई गोंधळली. मग तिने पदर बाजूला केला. गोमतीने लेकराकडे एकदाच नीट पाहिलं, आणि खाली बसली. लेकराच्या अंगाची ऊब त्या खळग्यात अजून होती. त्यातच तिने पातेलं ठेवलं, तोंडाला फडकं बांधलं आणि दोन्ही हातांनी चहूकडून कापूस लोटला. ती ढसाढसा रडत होती, आणि कापूस लोटत होती. दोन महिन्यांत तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. फईबा पुढे व्हायला लागल्या, तसा सुलतानबीने डोळ्यांनीच त्यांना अडवलं.

दुसऱ्या दिवशी आसेगावचा बाजार होता. सुलतानबीने तो बुडवला. नवरा इस्माईल म्हणाला, "गुजरात्याच्या पिठासाठी बाजार बुडवते का तू?" ती म्हणाली, "हो, बुडवते," आणि शाल पांघरून उजाडता उजाडता शेडपाशी येऊन उभी राहिली. फईबा आंघोळ करून आधीच हजर होत्या, हे विशेष! हिरीबाईही लेकरू कडेवर घेऊन आली होती.

गोमतीने कापूस बाजूला सारला. तोंडाचं फडकं मधोमध वर आलेलं दिसलं. तिने गाठ सोडली.

 काल पातेल्यात निम्म्यापेक्षा खाली असलेलं पीठ काठापर्यंत चढून आलं होतं. अंगभर बारीक बारीक डोळे उघडले होते, आणि बघता बघता एक बुडबुडा सावकाश वर आला, फुटला, त्याच्या जागी दुसरा आला. आंबूस, ताजा वास सुटला. सुलतानबीने जन्मात काय काय पाहिलं होतं, पण तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. कोणी विस्तव घातला नाही, कोणी हात लावला नाही. अंधारात नुसतं उबेला ठेवलं, आणि ते जागं झालं!

"या अल्ला," ती पुटपुटली, "हे तं जितं हाय वं!"

"हरि हरि," फईबांनी हात जोडले. पिठाला जोडले की कापसाला, कोण जाणे. हिरीबाईच्या लेकराने तेवढ्यात पातेल्याकडे हात लांबवला, तर तिने तो घाबरून मागे ओढला.

पुढचं सुलतानबीने ओसरीवरून पाहिलं. गोमतीने पिठात आलं-मिरची घातली, मीठ घातलं, चिमूटभर पापडखार टाकून वर तेल सोडलं, तसं पीठ फसफसलं. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळत होतं. त्यात तेल लावलेली थाळी बसवून तिने पीठ ओतलं, वरून भुरभुर तिखट टाकलं आणि झाकण लावलं. झाकणाच्या कडेने वाफ यायला लागली, तशा फईबा चुलीभोवती येरझारा घालू लागल्या. "झालं असंन काय? काढू काय?" त्यांनी इतक्यांदा विचारलं, की गोमतीने शेवटी त्यांच्या हातातून सांडशीच काढून घेतली.

झाकण उघडलं आणि स्वयंपाकघर वाफेने भरून गेलं. वाफ ओसरली तेव्हा थाळीत पिवळसर पांढरा ढोकळा टम्म फुगून बसला होता. फईबांनी बोटाने हलकेच दाबून पाहिला. तो दबला आणि पुन्हा वर आला. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा आला. चाळीस वर्षं वऱ्हाडात पौषाच्या महिन्यात त्यांनी असा ढोकळा पाहिला नव्हता, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

पण ढोकळा फुगण्यात काय होतं? सुलतानबी बघत होती ती पोरीच्या तोंडाकडे. खाईल? की हेही ताट सरकवील?

गोमतीने तुकडा पाडला. फुंकर घातली. तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चावला. गळ्याची शीर हलली. घास खाली गेला. मग तिचं तोंड वाकडं झालं.

"खाटां थयां," गोमती कुरकुरली. "आंबट झालं. बाचं असं नव्हतं होत." आणि दुसरा तुकडा उचलत, भरल्या तोंडाने म्हणाली, "उद्या ताक कमी घालीन."

सुलतानबीने ओसरीचा खांब धरला. लतीफाने शेवटच्या साऱ्या महिन्यात एकदाही उद्याचं नाव काढलं नव्हतं.

"फईबा," तिने तिथूनच विचारलं, "काय म्हणाली वं ते?"

"उद्या म्हणाली," फईबा म्हणाल्या आणि दाराशी आल्या. "सुलतानबी, उद्या म्हणाली!"

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. गोमतीला त्याचा पत्ता नव्हता. ती तिसरा तुकडा पाडत होती.