टिल्लीला तीन इंच कमी

थीम पार्कच्या तिकीट खिडकीवर एक पाटी होती आणि त्या पाटीने सकाळपासून आजींचं डोकं खाल्लं होतं. आजचं तिकीट वार्षिक पासात वळतं करून मिळेल, पण संध्याकाळी सहाच्या आत. म्हणजे तीन खेपांत पैसे वसूल आणि चौथी खेप फुकट. असा सौदा सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, आणि त्यांचे यजमान, ज्यांना अख्खी गल्ली सुतारबुवा म्हणायची, नेमका तोच वेडेपणा करायला कंबर कसून उभे होते. तीनदा कोण येतंय, असं म्हणून त्यांनी विषय मिटवून टाकला.

आता खरं सांगायचं तर आजींना पाळण्यांचं काही वेड नव्हतं. त्यांना हवं होतं ते वर्ष. मागच्या हिवाळ्यात बुवांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, तब्येत ठणठणीत आहे. जिने चढा, रंधा मारा, बायकोशी भांडा. तिन्ही गोष्टी त्यांनी लगोलग सुरू केल्या. पण महिन्यापलीकडचं म्हणून काही ठरवेनात. वर्षभर वाळवायला ठेवलेलं लाकूड विकून टाकलं. पुढच्या साली द्यायच्या कपाटाचं काम दुसऱ्या सुताराकडे धाडलं. कुणी काही बोललं की 'उद्याचं कुणी बघितलंय?' हे पालुपद ठरलेलं. आजी वरवर हसायच्या आणि आतून तुटायच्या. धडधाकट नवरा रोज थोडा थोडा निरोप घेतोय, हे बघायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

म्हणून पास. वर्षाचं कार्ड एकदा बुवांच्या खिशात पडलं की वर्षभर माणूस आपला, असा त्यांचा साधा सरळ हिशेब. कुणाला खुळचट वाटला तर वाटो बापडा.

टिल्ली म्हणजे त्यांची नात, मुलाची मुलगी, वय वर्षं सहा, त्यांच्याच घरात वाढणारी. अंगाने एवढीशी म्हणून टिल्ली, तोंडाने मात्र गावभर. दिवसभर तिने दोघांना नुसतं पळवलं. कपबशीत बसून झालं, होडीत भिजून झालं, आणि साडेचारच्या सुमाराला स्वारी मोठ्या रोलर कोस्टरपाशी येऊन थडकली. तिथे एक उंचीची पट्टी होती. फाटकावरच्या माणसाने टिल्लीला तिच्यापाशी उभं केलं आणि मान हलवली. तीन इंच कमी.

टिल्लीने भोकाड पसरलं. त्या माणसाने बिचाऱ्याने समजूत घातली, मोठी झालीस की ये हं. टिल्लीने नाक पुसलं आणि विचारलं, मोठी कधी होणार? लवकरच, तो म्हणाला. लवकरच, आजीही म्हणाल्या.

बुवांना मात्र ते 'लवकरच' भलतंच झोंबलं. चाळीस वर्षं ज्या माणसाने सुतासुताचं माप घेतलं, त्याला असलं मोघम उत्तर कसं पचावं? त्यांनी खिशातून टेप काढला. सुतारकी केव्हाच कमी झाली तरी टेप सुटला नव्हता. आधी त्यांनी पार्कची पट्टीच मोजून घेतली, न जाणो चुकीची ठोकली असेल तर! फाटकावरचा माणूस बघतच राहिला. पट्टी बरोबर निघाली, तेव्हा बुवा जरा हिरमुसले. मग टिल्लीला ताठ उभं करून मोजलं आणि बाकावर जाऊन पेन्सिलीने तिकिटाच्या मागे काहीतरी खरडत बसले. बराच वेळ जागचे हललेच नाहीत. आजी लगबगीने जवळ गेल्या. दमले असतील का? छातीत काही होत असेल का? बुवांनी हाताने थांब अशी खूण केली आणि खरडणं चालू ठेवलं.

पावणेसहाला ते उठले आणि तडक खिडकीपाशी गेले. आजी टिल्लीचा हात धरून मागोमाग धावल्या. खिडकीतल्या मुलीने विचारलं, पास घेताय का?

"वर्षाचा पास नको," बुवा म्हणाले.

आजींनी मनात म्हटलं, झालं, संपलं. माणूस काही परत येत नाही.

"अगं, भागत नाही वर्षात," बुवा त्यांच्याकडे वळून म्हणाले, आणि तिकीट पुढे धरलं. "स्वयंपाकघराच्या चौकटीवर मी दर महिन्याला हिची उंची आखतो ना? महिन्याला दीड सूत वाढते. इंचाला आठ सूत, म्हणजे तीन इंचांना चोवीस. सोळा महिने लागणार. पास बाराचा. वरचे चार महिने काय करायचं? दोन वर्षांचा मिळतो का विचार."

आजी तिकिटावरचे आकडेच बघत राहिल्या. शेवटी टिल्लीने विचारलं. दोन वर्षांचा नसतो, मुलगी म्हणाली, वर्ष संपलं की नवा घ्यायचा.

"म्हणजे पुढच्या वर्षी परत रांगेत उभं राहायचं," बुवा कुरकुरले. "बरं, द्या तीन. मी काही हिला त्या रोलर कोस्टरमध्ये एकटीला बसू देणार नाही."

पासवर फोटो लागतो म्हणून मुलीने त्यांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. बुवांनी कंगवा मागून घेतला, भांग पाडला, कॉलर नीट केली आणि तिला बजावलं की घाई करू नकोस, चांगला काढ, पुढच्या वेळीही हाच लावायचाय.

त्यानंतरचा फोटो आजींचा होता. त्यात त्या रडतायत की हसतायत, हे वर्षभरात फाटकावरच्या एकाही माणसाला नक्की सांगता आलं नाही.