दोन शिंगांच्या डबीखाली

टिंग.

दुपारच्या शांत घरात जर्दाळूची एक बी माझ्यात पडली. मित्रांनो, तो आवाज माझा. मी काचेची एक जुनी, चपटी बशी. आठ वर्षांची नोझनीन जर्दाळू खाते आणि बिया माझ्यात टाकते. तिच्या आईने, रुखशोनाने, मला घरी आणण्याआधी तीनदा उकळलं होतं. कारण माझं सगळं आयुष्य जंतूंमध्ये गेलं.

मी घडले दूरच्या एका भट्टीत. तिथून भुशाच्या खोक्यात बसून खुजंद शहरातल्या एका लहानशा दवाखान्यात आले. कुणीतरी माझ्या तळाशी सतरा हा आकडा कोरला. तेच माझं नाव.

माझं काम साधं होतं. माझ्यात जेलीसारखा थर ओतायचे. त्यावर आजारी माणसाचे जंतू सारवायचे, मधोमध औषधात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची आणि झाकण लावून मला लाकडी उबदार पेटीत उपडं ठेवायचं. सकाळपर्यंत जंतू सायीसारखे पसरत. टिकलीभोवती मात्र एक स्वच्छ वर्तुळ उरे. वर्तुळ मोठं असेल तर औषध लागू. लहान असेल तर जंतू त्याला जुमानत नाहीत. तिथे जंतू तपासणारी रुखशोना पट्टी लावून ते मोजायची आणि डॉक्टर त्यावर औषध ठरवायचे.

मला धुणारी होसियतबीबी. माझं उपडं असणं तिला कधी रुचलं नाही. तिच्या घरी रोटी उपडी पडली तर ती उचलून कपाळाला लावतात. एकदा तिने आम्हा सगळ्या बश्यांना मायेने सुलटं केलं. झाकणांवरचं पाणी आत ठिबकलं आणि सगळं काम वाया गेलं. पेटीच्या माथ्यावर ती रोज दह्याचं वाडगंही ठेवायची. रुखशोना रागवायची, बीबी मान हलवायची, आणि वाडगं तिथेच राहायचं.

मग तिथे राऊटर आला. जाड भिंतींमुळे तो पेटीच्या माथ्यावरच नीट चालायचा. दोन शिंगांची ती काळी डबी दह्याशेजारी जाऊन बसली.

त्याच हिवाळ्यात तेव्हा सहा वर्षांच्या असलेल्या नोझनीनला लघवीचा संसर्ग झाला, वर्षातला तिसरा. ताप उतरेना. तिचे जंतू माझ्या वाट्याला आले. मी पेटीतल्या वरच्या फळीवर होते. सकाळी रुखशोनाने पट्टी लावली. अकरा मिलिमीटर. तिने पुन्हा लावली. अकराच. म्हणजे नेहमीचं गोड औषध उपयोगाचं नव्हतं. दहा दिवस इंजेक्शनं, आणि तीही अशा औषधाची, जे लागू पडलं नाही तर पुढे फारसं काही उरत नव्हतं.

"बीबी, खरं सांगा, सतराला सुलटं केलंत का?"

"एकदा चुकले, तर आता मरेपर्यंत माझंच नाव का गं?" बीबीने हात पुसले. "माझ्यावर आळ घेण्याआधी वर बघ. ती शिंगं आल्यापासून माझं दही दुपारच्या आत आंबट ढाण होतंय. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं."

"दह्याला वायफाय लागतं होय, बीबी?"

"मला काय विचारतेस? शिकलेली तू."

रुखशोना हसली. मग हसता हसता थांबली आणि वरच्या फळीकडे बघत राहिली.

पुन्हा तपासायला डॉक्टरांनी एक दिवस दिला. उद्या ताप वाढला तर इंजेक्शन, हे ठरलं. रुखशोनाने नोझनीनचे जंतू पुन्हा माझ्यात सारवले आणि अठरा नंबरच्या माझ्या बहिणीतही. मी त्याच जागी, डबीखाली. अठरा मागच्या खोलीत, मोडक्या दाराच्या दुसऱ्या पेटीत. दार बीबीने आपल्या रुमालाने बांधून दिलं.

सकाळी माझ्यात बारा. अठरामध्ये एकोणीस.

डॉक्टरांनी दोन्ही आकडे पाहिले आणि गोड औषधच चालू केलं. तिसऱ्या दिवशी नोझनीनने सूप मागितलं.

पण मित्रांनो, खरं तेच सांगते. माझ्या पेटीत अर्धा अंश जास्त ऊब होती. वर्तुळ आक्रसलं ते त्या उबेने, की डबीच्या लहरींनी? मला तर काहीच जाणवलं नव्हतं. रुखशोनाने पुढे चारदा तेच करून पाहिलं. दोनदा फरक पडला, दोनदा नाही. तिने वहीत लिहिलं, 'अजून माहीत नाही.' डबी मात्र बाहेर गेली. बीबीचं वाडगंही गेलं, आणि तिने आठवडाभर अबोला धरला.

पुढे प्लास्टिकच्या बश्या आल्या. एकदा वापरायच्या, फेकायच्या. मी कपाटात धूळ खात पडले. टाकून द्यायच्या दिवशी रुखशोनाने सतरा हा आकडा ओळखला आणि मला बाजूला काढलं.

माझं मागणं मोठं नाही. दिलेलं औषध अर्ध्यात सोडू नका, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊही नका. वर्तुळं आक्रसत चालली आहेत, ती मी माझ्याच पोटात पाहिली आहेत. आणि एखादं वर्तुळ लहान दिसलं, तर निकाल देण्याआधी आजूबाजूला काय ठेवलंय तेही बघा.

आज जर्दाळू खाता खाता रुखशोनाने लेकीला ही गोष्ट सांगितली. नोझनीनने शेवटची बी हातात घेतली. तिच्या उशाजवळच्या खिडकीत घरचा राऊटर आहे. तिचा बाप, तिचा दादो, मॉस्कोत इमारती बांधतो. डबी तिथून हलवली की त्याचा चेहरा फोनवर गोठतो.

"ओया," ती आईला म्हणाली, "दादो त्यातून बोलतो ना, तेव्हा माझ्या पोटातले जंतूपण ऐकतात का?"

रुखशोनाने खिडकीतल्या डबीला हात लावला, पण ती हलवली नाही. बी नोझनीनच्या मुठीतच राहिली, आणि मी वाजले नाही.