पिवळी बत्ती

“भाभीजी, ये पहन लो, नहीं तो निमोनिया हो जाएगा,” म्हणत हरचरणसिंगांनी आपला रेनकोट उतरवून माझ्या हातात दिला.

सकाळी चंदीगडहून निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं. दोन्हीकडे मोहरी फुललेली. सिसवां मागे पडलं आणि डोंगराकडून ढग असे धावून आले, की मोटरसायकली कडेला लावून सगळ्यांची एकच धांदल उडाली. आमच्या घरचा एकुलता एक रेनकोट ह्यांच्या अंगावर होता. “फेब्रुवारीत कसला पाऊस पडतोय!” असं मला ह्यांनीच सकाळी ऐकवलं होतं.

हरचरणसिंग सहा फुटांचे, मी जेमतेम पाच. रेनकोट माझ्या घोट्यापर्यंत आला, बाह्या वीतभर लोंबायला लागल्या. त्यांनी पगडीवर प्लास्टिकची पिशवी चढवली, गाडीच्या थैलीतली लोई, करडी लोकरी शाल, काढून अंगाभोवती गुंडाळली आणि हसून म्हणाले, “असली पंजाबी रेनकोट!”

आमचे हे, दिगंबर, सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत स्टोअरमध्ये कारकून. साहेबानं हाक मारली तरी खुर्चीतून दचकून उठणारा माणूस. हरचरणसिंग तिथेच ड्राफ्ट्समन. क्वार्टर्समध्ये खाली ते, वर आम्ही. त्यांनीच ह्यांना जुनी मोटरसायकल घ्यायला लावली आणि रविवारच्या क्लबात नेलं. क्लबात डॉक्टर होते, इंजिनिअर होते, सगळ्यांत पुढे विंग कमांडर रघुवीर, आमच्यासारखेच मराठी. ह्यांच्या वाट्याला सगळ्यात मागची जागा आली, आणि ह्यांना ती फार आवडली. शेवटच्या गाडीचं काम एकच, कुणालाही मागे टाकून पुढे जायचं नाही. कुणी थांबलं की आपण थांबायचं. तिच्या पुढच्या दिव्यावर पिवळा जिलेटीन कागद लावलेला असे. दर वळणाला रघुवीर थांबून मागे बघत. पिवळी बत्ती दिसली म्हणजे सगळे आले. मग पुढे निघत.

त्या वर्षी अतिरेक्यांच्या धास्तीनं मोटरसायकलवर दोन पुरुषांनी बसायला बंदी होती, बायको चालत होती. त्यामुळे सरकारकृपेनं मलाही हवा खायला मिळायची.

कुराळीच्या अलीकडे तपासणीचा नाका लागला. नाक्यावरची रीत सगळ्यांना पाठ होती. इंजिन बंद करायचं, हेल्मेट काढायचं, खाली उतरून गाडी ढकलत न्यायची. एकेक जण चेहरा दाखवून पुढे गेला, गाडी सुरू करून पावसात दिसेनासा झाला. आमच्या पुढे हरचरणसिंग होते. जवानानं बंदुकीच्या नळीनं त्यांच्या लोईला स्पर्श केला.

“अंदर क्या है?”

“मैं हूँ जी,” हरचरणसिंग म्हणाले.

एवढ्या थट्टेचेही ते दिवस नव्हते. लोईखाली हत्यार लपवून माणसं मारून जात होती, हे लहान मुलांनाही ठाऊक होतं. त्यांना वाळूच्या पोत्यांच्या मागे नेलं. लोई चिखलात पडली. त्यांचे हात वर केलेले मला दिसत होते. तेवढ्यात गारा सुरू झाल्या.

“आप जाइए,” अधिकारी आमच्याकडे वळून म्हणाला. “फॅमिली साथ में है. जाइए, जाइए.”

खरं सांगते, मला जायचं होतं. आमची लहानगी नलिनी शेजाऱ्यांकडे ठेवलेली होती. चौकशीला नेलेला माणूस कधी परत येईल, येईल की नाही, हे विचारायची त्या काळात सोय नव्हती. मी ह्यांच्या पाठीला हात लावून म्हणाले, “अहो, चला. रघुवीरसाहेबांना गाठून सांगू. त्यांचं ऐकतील.”

“मी गेलो, की साहेबांना पिवळी बत्ती दिसेल,” हे हळूच म्हणाले. “त्यांना वाटेल सगळे आले.”

“मग तुम्ही सांगा ना त्यांना!”

“आणि तोवर ह्याला इथून नेलं तर? कुणी पाहिलं म्हणून सांगायचं?”

मी ह्यांचा हात धरून ठेवला होता. तरी हे अधिकाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले आणि आपल्या कराडी हिंदीत म्हणाले, “साहेब, मैं नहीं जा सकता. मेरा गाडी आखरी है.”

“तो?”

“तो आखरी गाडी आगे कैसा जाएगा? एक पीछे है ना.”

अधिकारी हसला. त्याला हा माणूस अर्धवट वाटला असणार. गारा हेल्मेट काढलेल्या डोक्यावर ताडताड बसत होत्या आणि हे तसेच उभे. मग माझ्यानंही राहवेना. मी पुढे झाले, लोंबत्या बाह्या वर केल्या.

“देखिए, ये रेनकोट मेरा है क्या? उनका है. मुझे दिया, इसलिए उन्होंने लोई ओढ़ी.”

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या अवतारात मी नक्कीच बुजगावण्यासारखी दिसत असणार. मग तो ह्यांना म्हणाला, “आप कहाँ के?”

“कराड. महाराष्ट्र.”

“इसकी गारंटी लेते हो?”

“हाँ जी.”

“और तू?” त्यानं पोत्यांच्या दिशेनं विचारलं. “तू कहाँ का है?”

हरचरणसिंगांनी वर केलेल्या हातानंच मोहरीच्या पलीकडे बोट दाखवलं. “वो जो पेड़ हैं ना जी, वहीं का. मेरा पिंड है, मेरा गाँव.”

त्यांना सोडलं. गारा थांबल्या, ऊनही पडलं. त्यांनी लोई उचलली, पिळली आणि गाडीला बांधली. मी रेनकोट काढायला लागले तर म्हणाले, “रहने दो, भाभीजी. मैं तो भीग गया.” स्वतःच्या गावाच्या वेशीवर त्यांची हमी कराडच्या माणसानं घेतली होती.

पुढच्या वळणावर सगळे थांबलेले भेटले. पिवळी बत्ती पाहून रघुवीरांनी हात उंचावला.

नाक्यावरची हकीकत कळल्यावर तेच रघुवीर शुक्रवारी घरी आले. चहा घेतला, नलिनीशी खेळले आणि जाताना म्हणाले, “दिगंबरराव, थोडे दिवस हरचरणला नको आणूया. ग्रुपमध्ये बायका असतात. त्याच्याच भल्यासाठी म्हणतोय. तुम्हीच सांगा त्याला. तुमचं बरं आहे त्याच्याशी.”

“बरं,” हे म्हणाले.

दार लागल्यावर मी कडाडले. “बरं काय बरं? नाक्यावर बंदुकीपुढे बोललात, आणि इथे चहाच्या कपापुढे वाचा बसली?”

हे तसेच खाली गेले. लगेच परतही आले.

“सांगितलंत?”

“सांगावंच लागलं नाही गं,” हे पायरीवरच बसले. “मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, इस ऐतवार मेरे घर मेहमान आ रहे हैं.”

रविवारी सकाळी आम्ही खाली उतरलो. पाहुणे कुणी नव्हते. हरचरणसिंग फडकं घेऊन आपली मोटरसायकल पुसत होते. ती आधीच चकचकीत होती.

हे आपल्या गाडीशी गेले, वाकले आणि नखानं दिव्यावरचा पिवळा कागद सोलायला लागले. तो उन्हापावसानं काचेला घट्ट चिकटला होता. तुकड्यातुकड्यांनी निघाला. हरचरणसिंगांचा हात थांबला. ते बघत राहिले, मग मान खाली घालून पुन्हा टाकी पुसू लागले.

“अहो, साहेबांना कसं कळेल?” मी विचारलं.

“काय?”

“सगळे आले म्हणून.”

“आलेत का?” ह्यांनी विचारलं, आणि किक मारली.

पंचकुल्याच्या पुढे धुकं लागलं. आम्ही नेहमीसारखे सगळ्यांच्या मागे होतो. पहिल्याच वळणावर रघुवीर थांबलेले दिसले. मान वळवून ते मागे बघत होते. आमचा पांढरा दिवा अगदी त्यांच्यापर्यंत जाऊन पोचला, तरी ते आमच्या मागच्या रस्त्याकडे बघत राहिले.