बोटभर वाढलेली शकुन

मारुतीच्या देवळापुढे सारं गाव लोटलं होतं. खांबाला पाठ लावून सात वर्षांची शकुन उभी. काल दिवेलागणीला, देवळात मुक्कामाला आलेल्या धुनीबाबाने विभूती लावून तिच्या डोक्याशी कोळशाची रेघ मारली होती. आज उजाडताच मोजलं, तर पोरगी रेघेच्या बोटभर वर!

"देखा? माह्या विभूतीची करामत!" बाबा गरजला. "ह्या विहिरीचंच पानी पाजा, तीर्थ हाये ते. गाव सोडलं की वाढ खुंटली समजा!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी इथला शाळामास्तर. १९२७ पासून अकरा वर्षं दर चैत्रात पोरांची उंची, दात, पाय वहीत टिपतो आहे. गाव खारपाणपट्ट्यातलं, विहिरींना खारं पाणी. इथलं पाणी पिणाऱ्या पोरांचे दात तपकिरी, पाय वाकडे. शकुनच्या आईचा, मनकर्णेचा, थोरला मुलगा मामाकडे वरूडला गोड पाण्यावर वाढला, तो ताठ. धाकट्या शकुनचे गुडघे आत वळू लागले होते. वर्षभर विनवल्यावर मनकर्णा तिला वरूडला धाडायला तयार झाली होती.

"आता राहू द्या मास्तर," ती म्हणाली. "बाबानं वाढवली ना पोरीले."

"तुमी अकरा वरसं मोजून राहिले," खुशालराव पाटील हसले. "एक तरी पोट्टं वाढवलं काय?"

मी पाटलांनाच त्या संध्याकाळी खांबाशी उभं केलं. विभूती नाही, मंत्र नाही. सकाळी पुन्हा मोजलं. साठीचे पाटील अर्धं बोट वाढले होते!

"आं? मी बी?"

"दिवसभर उभं राहून कणा दबतो, झोपेत मोकळा होतो. सगळ्यांचाच. म्हणून मी कायम सकाळच्या घंटेलाच मोजतो. संध्याकाळी पाहा, शकुन परत रेघेवर येईल."

आली. बाबा तोवर पसार झाला होता. दुसऱ्याच दिवशी मनकर्णा लेकीला घेऊन वरूडला गेली, आणि मी खुळ्यासारखा खूश झालो.

मग वाकड्या पायांच्या एका पोराची आई, मैनाबाई, विहिरीच्या पाण्याची घागर घेऊन दारात उभी राहिली. "बाबा खोटा, कबूल. पन वरूडले माहा भाऊ नाही, मास्तर. गोड पानी आनाचं कोठून?"

गोड पाणी सहा कोसांवर. त्यासाठी सरकारकडे धाडलेल्या तीन अर्जांना उत्तर नाही. तेच मी तिला सांगितलं. ती घागर घेऊन घरी गेली.

वाचकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, कधी मोजलं, कसं मोजलं? एवढं विचारलंत तरी बाबा पळतो. विहीर मात्र तिथेच राहते. गावात अजून बत्तीस पोरं आहेत. येत्या चैत्रात त्यांचे पाय किती वाकले, ते मी वहीत लिहीन. दुसरं काही मला करता येत नाही.