डोळसबाबांना छपराखालचं दिसेना

गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. एकेकाळी तिथे कपाटं आणि पलंग रचून ठेवलेले असत. आता दर शनिवारी दुपारी डोळसबाबा बसत. अंगात पांढराशुभ्र सदरा आणि डोळ्यांवर घट्ट काळी पट्टी. डोळे बांधलेल्या माणसाला डोळस म्हणायचं, इथेच अर्धा चमत्कार झाला होता. उरलेला अर्धा बाबा तोंडाने करत.

"मी बघत नाही, मला दिसतं!" बाबा गरजले. "भिंती तुमच्यासाठी, छपरं तुमच्यासाठी! मला सगळं उघडं आहे. सोळा नंबरची खुर्ची! मंगळवारी परसात खड्डा खणलास. कुणाला पुरलंस?"

सोळा नंबरवरचा किराणा दुकानदार पांढराफटक पडला. "कुत्रा होता, बाबा. बारा वर्षांचा..." म्हणत तो हमसून रडायला लागला. गोदामभर "आहाहा" झालं.

सत्तावीस नंबरवर टेलरताई बसल्या होत्या. समोरच्या इस्त्रीवाल्या काकूंनी महिनाभर पिच्छा पुरवला, नावही परस्पर नोंदवलं, म्हणून आल्या होत्या. एक शनिवार नाव-पत्ता द्यायचा, पुढच्या शनिवारी दर्शन, असा तिथला नियम. बाबांचं बोलणं ऐकता ऐकता ताईंची नजर सवयीने त्या काळ्या पट्टीच्या शिवणीवर गेली होती, तेवढ्यात आवाज आला.

"सत्तावीस! उन्हाला डोकं दाखवतेस, मग माणसांपासून का लपवतेस? केस गेले म्हणजे काय अब्रू गेली?"

चारशे माणसं एकदम वळली. ताईंचा हात आपोआप डोक्यावरच्या रुमालाकडे गेला. तेवढं पुरलं.

चार महिन्यांपूर्वी त्यांना कर्करोग निघाला होता. दर तीन आठवड्यांनी त्या "घाऊक बाजारात कापड आणायला जाते" असं सांगून इंजेक्शन घ्यायला जायच्या. केस गेले तेव्हा रुमाल बांधला आणि "उवा झाल्यात, औषध लावलंय" असं हसत सांगितलं. दुकानाच्या वरच राहायच्या, त्याच्यावर गच्ची. गच्चीला छातीभर उंच कठडा आणि आजूबाजूला एकही उंच इमारत नाही. सकाळी दहाला पाण्याच्या टाकीला टेकून त्या रुमाल सोडायच्या. दिवसातली तेवढीच वीस मिनिटं त्यांना खोटं बोलावं लागत नसे.

सोमवारी दुकानात येणाऱ्याच्या तोंडावर चुकचुकणं होतं. एक बाई मुलीच्या लग्नाचं अर्धवट शिवलेलं कापड परत मागायला आली. "तुम्हाला आराम हवा ना," म्हणाली, पण कापड हातात घेताना तिने ते चिमटीत धरलं. ताईंनी टाचण्या काढून दिल्या.

त्याच संध्याकाळी धाकटा आला, त्यांचा सख्खा भाऊ. आई गेल्यावर ताईंनीच त्याला वाढवलं होतं; त्याच्या पहिल्या मुलाखतीचा शर्टसुद्धा त्यांनीच शिवला. आता तो पालिकेच्या ड्रोन विभागात होता. डासांची पैदास, वाढीव बांधकामं, हरवलेली मुलं असं सगळं शोधायला पालिकेने वर्षापूर्वी ड्रोन आणले होते. पहिल्या आठवड्यात लोकांनी माना वर करून पाहिलं, मग विसरून गेले.

"ताई, बाबा म्हणाले, दवाखाना बंद कर. त्यांनी दिलेलं पाणी नऊ आठवडे घे," तो म्हणाला. त्याने बाटलीच आणली होती.

ताईंना एक क्षण ते हवंहवंसं वाटलं; खोटं कशाला बोला? त्या इंजेक्शनांनी आतडी पिळवटून निघत होती. आणि ज्याला न सांगता दिसतं, त्याला बरंही करता येत असेल. त्यांनी बाटली घेतली, पण उघडली नाही.

गुरुवारी इंजेक्शनला गेल्यावर त्या आधी डॉक्टरीणबाईंवरच भडकल्या. "तुमच्याशिवाय कुणाला माहीत होतं? कुणाकडे बोललात?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बाबांनी आजाराचं नाव घेतलं?"

"नाही."

"कुठे गाठ आहे ते? किती इंजेक्शनं झाली ते?"

"नाही. केस गेले, एवढंच."

"मी सांगितलं असतं तर ते सगळं कळलं असतं, नाही का? त्यांना फक्त डोकं दिसलं. मग विचार करा, तुमचं डोकं कुठून दिसतं?"

सलाईन थेंब थेंब उतरत होतं आणि ताई विचार करत होत्या. घरी आल्यावर त्यांनी चौकशी सुरू केली. टेलरकडे सगळं गाव मापं द्यायला येतं, आणि माप देताना माणूस गप्प राहत नाही. "बाबांनी तुमचं काय ओळखलं? तेव्हा तुम्ही कुठे होतात?" कुणी गच्चीवर पत्र फाडलं होतं, कुणी परसात होतं, कुणी मागच्या बोळात. अकरा जण झाले. घरात, बंद खोलीत घडलेलं बाबांना एकाचंही दिसलं नव्हतं!

कात्री हातात तशीच राहिली. डोक्यावर, खूप वर, घोंघावणं चाललं होतं. ते रोजच चालायचं.

ड्रोनच्या खोलीत चौघे काम करतात, ताईंनी स्वतःला बजावलं. चौघांपैकी कुणीही असेल.

शनिवारी त्यांनी स्वतःच जाऊन पुन्हा नाव नोंदवलं. मग दुकानातला कापडी पुतळा, ज्याच्यावर कपडे चढवून बघतात तो, गच्चीवर नेला. चिंध्यांचं डोकं करून त्याला पांढरा रुमाल गुंडाळला, गादीवर निजवलं, गळ्यापर्यंत चादर ओढली. आठवडाभर सकाळी दहाला त्या त्याच्याशेजारी बसून चमच्याने पाणी पाजायचं सोंग करायच्या. पुतळ्याची मान भिजून ओली व्हायची. त्यांचं त्यांनाच हसू यायचं, आणि वर मात्र घोंघावणं थांबून राहायचं.

पुढच्या शनिवारी गोदाम पुन्हा तुडुंब भरलं.

"एकतीस नंबर!" बाबा कळवळून म्हणाले. "घरातली म्हातारी जगापासून लपवलीस! घोट घोट पाणी पाजतेस. तिची शेवटची इच्छा माझ्या कानात घुमतेय. घाबरू नकोस, एकवीस दिवसांत ती पायांनी चालत इथे येईल!"

"एकवीस दिवस कशाला?" टेलरताई उठल्या. "आत्ताच आणलीय."

ताईंनी सांगून ठेवल्याप्रमाणे इस्त्रीवाल्या काकूंनी चादरीतलं ओझं पुढे आणलं. ताईंनी चादर ओढली. लाकडी दांड्यावरचा बिनहातांचा पुतळा चारशे माणसांसमोर उभा राहिला. आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळं गोदाम हसलं.

"हिची इच्छा कानात घुमली ना, बाबा? हिला तोंडच नाही."

"हे... हे मायेचं रूप आहे!" बाबा ओरडले. ताई तोवर व्यासपीठावर पोचल्या होत्या. त्यांनी पट्टीची गाठ सोडली आणि ती पहिल्या रांगेतल्या किराणा दुकानदाराच्या डोळ्यांवर धरली. "काय दिसतं?"

"सगळं दिसतंय की!"

"एकपदरी मलमल आहे. मी तीस वर्षं कापड हाताळतेय." मग त्यांनी सगळी वीण उसवून दाखवली. दाराशी पत्ता घ्यायचा, आठवडाभर त्या पत्त्यावर वरून ड्रोनने नजर ठेवायची, आणि शनिवारी खुर्चीचा नंबर बघून बोलायचं. "वरून पुतळा आणि म्हातारी सारखीच दिसते. खाली उतरून बघणाऱ्याला फरक कळतो."

बोलता बोलता त्यांची नजर व्यासपीठाच्या कडेला गेली. धाकटा तिथे उभा होता. तो पुतळ्याकडे बघत नव्हता. जमिनीकडे बघत होता.

घरी आल्यावर तो उंबऱ्यातच थांबला.

"बाबा म्हणाले, तुझ्या कामाने लोकांचं भलं होईल. लोक रडून मोकळे होतात, ताई. मी स्वतः पाहिलंय."

"आणि माझं?"

"तू बरी व्हावीस म्हणून सांगितलं. त्यांनी काहीतरी करावं म्हणून."

"अरे, डोळे तूच पुरवलेस त्यांना! तरी त्यांच्या पाण्यावर विश्वास?" ताईंनी विचारलं. "कधी दिसलं तुला माझं डोकं?"

"दोन महिने झाले."

"दोन महिने. आणि एकदाही जिना चढला नाहीस? ती म्हातारी कोण, हे विचारायलासुद्धा नाही?"

"मला बघवत नव्हतं, ताई."

"रोज दहा वाजता बघतच होतास!"

ताईंनी न उघडलेली बाटली त्याच्या हातात दिली आणि दार लावलं. मग मशीनवर डोकं टेकून त्या रडल्या. केस गेले तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या.

बाबांनी सोमवारपर्यंत गाशा गुंडाळला. ताई पालिकेत गेल्या. साहेब फार गोड बोलले. "एका कर्मचाऱ्याची चूक आहे. निलंबित केलंय."

"चित्रं किती दिवस ठेवता? अजून कोण कोण बघतं? माझ्या गच्चीवर यंत्र थांबवायची परवानगी कुणी दिली?"

"ती माहिती गोपनीय आहे, बाई."

"माझं डोकं गोपनीय नव्हतं," ताई म्हणाल्या, "तुमचं रजिस्टर मात्र आहे."

इस्त्रीवाल्या काकूंना मात्र यात काही वावगं वाटेना. "बाबा लबाड निघाला, कबूल. पण सरकार बघतंय तर बघू दे की. आपण काय चोरी करतो?"

"किराणावाल्याने कुत्रा पुरला, काकू. मी ऊन खाल्लं. यात चोरी कुठली? तरी दोघांनाही भर सभेत उघडं केलं. बाबाला काहीच दिसत नव्हतं. दिसत होतं ते यंत्राला, आणि ते चालवणारा आपल्यातलाच माणूस होता. उद्या त्याच्याकडून बाबाऐवजी सावकार ती चित्रं मागेल, जावई मागेल, निवडणुकीतला पुढारी मागेल. चमत्कार दिसला की विचारायचं, ह्याला कुणी सांगितलं? आणि यंत्र दिसलं की विचारायचं, हे कुणाला सांगणार? ते विचारायला शिक्षण लागत नाही. तोंड उघडावं लागतं."

काकू म्हणाल्या, "कागद आण."

रविवारी दुकानासमोर टेबल मांडलं. अर्जात साहेबांना विचारलेले तेच तीन प्रश्न होते, आणि ताई डोक्यावर काहीही न बांधता बसल्या होत्या. काकूंनी पहिली सही केली, किराणा दुकानदाराने दुसरी. रांगेत धाकटाही आला होता. त्याची पाळी आली, तेव्हा त्याने मान खाली घालून पेनासाठी हात पुढे केला.

ताईंनी पेन त्याच्यामागे उभ्या असलेल्या बाईंना दिलं.