पस्तीस मिनिटांचं मोस्तार

कार्तिक उतरणीला लागला होता. कृष्णेच्या खोऱ्यात ऊन उतरत होतं आणि त्याला पुढे कुठेही जायचं नव्हतं. आधी मांढरदेवीच्या माथ्यावर, मग उसाच्या रुपेरी तुऱ्यांवर, मग भुईमूग काढून मोकळ्या झालेल्या काळ्या वावरांवर. थांबत, रेंगाळत, दवाचा एकेक थेंब उजळत ते येत होतं.

स्वर्णमंथर ती सकाळ. धूसरवसना ती नदी. आणि नदीवर वाकलेला, एका कमानीचा, वयानं काळवंडलेला तो दगडी पूल. घाई अशी कुणालाच नव्हती.

त्या निवांत, निर्व्याज, निष्काम प्रकाशात एक पांढरी गाडी शिरली. तिच्या पुढच्या जागेवर एक वेळापत्रक बसलं होतं. शेजारी गाडी चालवणारा नवरा होता, आणि त्याची बायको मागे.

सदानंद खटावकर, निवृत्त मुख्याध्यापक, सातारा. बेचाळीस तुकड्या, अडुसष्ट शिक्षक आणि पस्तीस मिनिटांचा तास यांची मोट बांधून ह्या गृहस्थानं आयुष्यभर असं वेळापत्रक केलं, की त्यात मुंगी शिरायला फट नसे. शिक्षकांच्या खोलीत कुणी ऑफ तासाला चहाचा कप तोंडाला लावला, की शिपाई बदली तासाची चिठ्ठी घेऊन दारात उभा. रिकामा माणूस दिसला की सरांच्या डोळ्यांत कुसळ जायचं.

बायको त्याच शाळेत भूगोल शिकवायची. तिचे ऑफ तास सरांनी सर्वांच्या आधी भरले, कुणी पक्षपात म्हणू नये म्हणून. असा न्यायनिष्ठुर, असा कर्तव्यकठोर, असा घंटानादप्रिय महापुरुष! मी त्याला काही म्हणणार नाही. म्हणायला लागलो तर थांबणार नाही.

आता हे वेळापत्रकेश्वर बाल्कनला निघाले होते. जायचं वैशाखात, गाडी भाड्यानं घेऊन, स्वतः चालवत. नऊ दिवस, सहा देश, चौदा जुनी गावं.

दुब्रोवनिक, कोतोर, मोस्तार, सारायेव्हो, प्रिझ्रेन, ओह्रिद, बेरात. नुसती नावं घेतली तरी जिभेवर काहीतरी विरघळतं. शुभ्रपाषाण तटबंद्या, नीलगर्भ आखातं, द्राक्षवेलींनी झाकलेली अंगणं, शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या गल्ल्या. आणि प्रत्येक नावापुढे, पट्टीनं आखलेल्या चौकटीत, तांबड्या शाईनं लिहिलेलं: पस्तीस मिनिटं.

मोठ्या कार्डशीटवर ते वैभव मांडलं होतं. उभ्या रकान्यात दिवस, आडव्या रकान्यात तास. मधली सुट्टी वीस मिनिटं, जिथे असू तिथे. तिकडे साम्राज्यं आली, साम्राज्यं गेली, मिनार उठले, घंटा वाजल्या, एका देशाचे सात झाले. सरांना त्याचं काय? सगळी गावं चौकटीत बसली होती, आणि एकही चौकट रिकामी नव्हती.

कुमुदिनीबाईंना त्या चौदांतलं एकच गाव हवं होतं.

फार वर्षांपूर्वी त्यांनी भूगोलाच्या वर्गात एका परदेशी कॅलेंडरचं पान चिकटवलं होतं. पाचूच्या रंगाची नदी, नेरेत्वा तिचं नाव. आणि तिच्यावर चंद्रकोरीसारखा उभा, चारशे वर्षांचा, गोरापान पूल. गाव मोस्तार. जेवणानंतरच्या पेंगुळल्या तासाला, मुलं डुलक्या घेत असताना, बाई त्या पुलाकडे बघून शिकवायच्या.

मग एका हिवाळ्यात पेपरात बातमी आली. लढाईत तोफा डागून पूल पाडला. त्या दिवशी बाईंनी फळ्यावर युगोस्लाव्हियाचा नकाशा काढला आणि खडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मुलांना वाटलं, बाई विसरल्या. त्या विसरल्या नव्हत्या.

पुढे काही वर्षांनी तो पूल पुन्हा उभा राहिला. तसाच, त्याच जातीच्या दगडाचा, त्याच कमानीचा. बाईंनी ते पान भिंतीवरून कधीच काढलं नव्हतं.

आता त्यांना त्या पुलासमोर बसायचं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. वारा पडला की वरचा पूल आणि पाण्यातला पूल मिळून पुरं वर्तुळ होतं का, ते पाहायचं होतं. पाडलेली गोष्ट पुन्हा उभी राहिल्यावर कशी दिसते, ते डोळे भरून पाहायचं होतं. एक दिवस. नवांतला एक.

"एका पुलासाठी अख्खा दिवस?" सर म्हणाले होते. "पूल तो पूल. पस्तीस मिनिटांत दहादा बघून होतो. वेळापत्रकात बसत नाही, कुमुद."

चौतीस वर्षं त्या नवऱ्याला घरीदारी सर म्हणत आल्या होत्या. "बरं, सर," म्हणाल्या. पण ते 'बरं' ह्या खेपेला घशाखाली उतरलं नाही. मोस्तारचा दिवस नाही, तर आपण जायचंच नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं. सांगितलं मात्र नाही. सांगायला सरांच्या वेळापत्रकात तास कुठे होता?

आणि वेळापत्रक घड्याळात बसतं की नाही ते बघायला ही आजची रंगीत तालीम, स्नेहसंमेलनाआधी शाळेत होते तशी. हा कृष्णेवरचा पूल म्हणजे मोस्तार. पुढचा पसरणीचा घाट म्हणजे कोतोरची वळणं. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव म्हणजे ओह्रिदचं सरोवर. कृष्णामाईला बिचारीला पत्ताही नव्हता, की आज आपण नेरेत्वा आहोत.

"मोस्तार!" सरांनी पुकारलं. "नऊ दहा ते नऊ पंचेचाळीस."

गळ्यात शिट्टी होती. होय, शिट्टी! निरोपसमारंभात पी.टी.च्या शिक्षकांनी दिलेली. देणाऱ्यानं थट्टेनं दिली असेल. घेणाऱ्याला थट्टा कळेल तर तो खटावकर कसला?

सरांनी पुलाचे फोटो काढले. डावीकडून तीन, उजवीकडून तीन. कमान मोजली, पायऱ्या मोजल्या, एका बुरसट शिलालेखावर बोट फिरवलं आणि तो न वाचताच त्याच्यावर बरोबरची खूण केली. पुलाकडे पाहिलं ते कॅमेऱ्यानं. सरांचे डोळे घड्याळात होते.

बाई घाटाच्या शेवटच्या पायरीवर गेल्या. चपला काढल्या. पावलं पाण्यात सोडली.

शीतल, स्फटिकशुभ्र, संथस्पर्शी ते पाणी घोट्यांभोवती आलं. धुकं विरत होतं. पुलाखाली, हळूहळू, दुसरा पूल उगवू लागला होता. थरथरता, अर्धवट, अजून कमान न जुळलेला. बाई बघत राहिल्या.

पहिली शिट्टी झाली. पाच मिनिटं उरली.

वारा पडत होता. दुसऱ्या पुलाची एक बाजू स्थिर झाली.

दुसरी शिट्टी झाली. सरांनी मागचं उघडं दार धाडकन लावलं, पुढे येऊन बसले, वेळापत्रकाची फाईल शेजारच्या जागेवर सरळ केली, थर्मास तिला टेकवला. "बसलीस ना?" त्यांनी विचारलं, आणि किल्ली फिरवली.

हा प्रश्न ते लग्न झाल्यापासून विचारत आले होते. उत्तरासाठी थांबायची त्यांची पद्धत नव्हती. नऊ पंचेचाळीस म्हणजे नऊ पंचेचाळीस, गाडी निघाली.

बाईंनी मान वळवली. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. हाक ओठांपर्यंत आलीही. मग त्यांनी पाण्याकडे पाहिलं, आणि ती हाक गिळली. फार सोपं होतं ते.

शेजारच्या पायरीवर गावातली सुलाबाई धुणं आपटत होती. तिचा हात वरच्या वर राहिला.

"अवो बाई, गाडी ग्येली की तुमची!"

"गेली."

"आन् मानूस?"

"तोही गेला."

सुलाबाईनं एकदा रस्त्याकडे, एकदा बाईंकडे पाहिलं. पिळलेलं लुगडं बाजूला ठेवलं, ओच्यातून भुईमुगाच्या मूठभर ओल्या शेंगा काढल्या आणि पायरीवर ओतल्या. "खावा. येतंय म्हागारी. बाप्ये कुटं जात्याती?"

दोघी शेंगा खात बसल्या. टरफलं पाण्यावर तरंगत पुलाखालून गेली.

तिकडे पसरणीच्या घाटात सरांचं व्याख्यान चालू होतं. वळणावळणाला. कोतोरचा तट किती लांब, व्हेनिसवाल्यांनी कधी बांधला, भूकंप कधी झाला. सगळं मागच्या जागेला उद्देशून, आरशात न बघता. मागून हूं की चूं नाही. सरांना नवल वाटलं नाही. वर्गात अशी शांतता असली की ते स्वतःवर खूश होत. ज्या माणसाला बोलायला बायको लागते, पण ऐकायला कुणीही चालतं, मागची गुंडाळलेली शालसुद्धा, त्याची दया तरी कशी यावी?

वेण्णा तलाव आला. काठावर घोडी, कणसं, स्ट्रॉबेरीचे फलक.

"ओह्रिद!" सर विजयोन्मादानं म्हणाले. "दोन मिनिटं लवकर, कुमुद!"

मागे नकाशांची सुरनळी होती. शाल होती. पर्स होती. सरांनी बायकोला फोन लावला, आणि तो पर्समध्ये वाजला.

इकडे वारा पूर्ण पडला होता. मध्यान्ह झाली होती. वरची कमान काळी, खालची कमान हिरवी. वरची दगडाची, खालची पाण्याची. आणि दोन्ही टोकांना दोन्ही जुळलेल्या. पुरं, निखळ, नि:शब्द वर्तुळ. त्यातून एक खंड्या उडत गेला, निळा.

कुमुदिनीबाई रडल्या. दु:ख नव्हतं. एवढं सोपं असतं, आणि एवढं सोपं आपल्याला चौतीस वर्षांत एकदाही मिळालं नाही, ह्याचा संताप होता. तो पाण्यावाटे निघून गेला. मग सुलाबाईनं डब्यातली अर्धी भाकरी पुढे केली, ती त्यांनी पिठल्याबरोबर चवीनं खाल्ली.

सर आले तेव्हा ऊन कललं होतं. उतरताना घाटात ट्रक कलंडून रस्ता बंद होता म्हणे. शर्ट घामानं चिकटलेला, शिट्टी पाठीवर गेलेली. पायऱ्या मोजायला विसरून ते खाली आले. घाबरले होते, एवढं मात्र मी त्यांच्या नावावर मांडतो, जास्त नाही.

"हाक नाही मारता आली?" आवाज चढवायला गेले, तो चिरकला. "सगळं कोलमडलं! ओह्रिद गेलं, बेरात गेलं, मधली सुट्टी गेली! तू इथे करत काय होतीस इतका वेळ?"

"पूल बघत होते."

"पाच तास?"

"संपला नाही अजून," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. पावलं पुसली नाहीत. चपला हातात घेऊन एकेक पायरी चढल्या, आणि प्रत्येक पायरीवर एक ओलं पाऊल उमटत गेलं. सर मागून येत होते. बायकोच्या मागून चालायची त्यांची पहिलीच वेळ असावी; पाय अडखळत होते.

गाडीपाशी बाईंनी पुढचं दार उघडलं. फाईलमधलं कार्डशीट बाहेर काढून बॉनेटवर पसरलं. मोस्तारच्या, तिसऱ्या दिवसाच्या ओळीत सर्वत्र तांबडी शाई होती. त्यांनी सरांच्या खिशातली पेन्सिल घेतली, सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या चौकटींवर एकच लांब आडवी रेघ मारली, आणि रेघेवर, फळ्यावरच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात, लिहिलं: ऑफ तास.

सरांचा हात खोडरबराकडे गेला. सवयच ती.

"मोस्तारला मला उतरवायचं," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही पुढे जायचं. सारायेव्हो बघा, आणखी काय ते बघा. संध्याकाळी मला न्यायला या."

"तुला सोडून? परमुलखात? असं कसं जमेल मला?"

"जमतं की," बाई शांतपणे म्हणाल्या. "आज जमलंच ना."

नदीकाठी सुलाबाई फस्सकन हसली आणि लुगड्यात तोंड घालून खोकल्याचं निमित्त करू लागली.

सर उभे राहिले. बेचाळीस तुकड्यांना धाक घालणारा तो पुरुषोत्तम कृष्णेच्या काठावर, भर उन्हात, तोंडी परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा उभा होता. बदली तासाची चिठ्ठी लिहायला त्यांच्याकडे कुणी उरलं नव्हतं. खोडरबर त्यांनी खिशात टाकलं.

बाईंनी कार्डशीट परत फाईलमध्ये घातलं, ती पुढच्या जागेवरून उचलली, थर्मास उचलला, दोन्ही मागे टाकले, आणि स्वतः पुढे बसल्या. मग काच खाली करून नवऱ्याकडे पाहिलं.

"येताय ना?" त्यांनी विचारलं, आणि उत्तरासाठी थांबल्या.

"येतो," सर म्हणाले.

फाईल मागच्या जागेवर आडवी पडली होती. बसलीस ना, असं तिला कुणी विचारलं नाही.

ऊन पुलावर पिवळं झालं होतं, थांबत, रेंगाळत. गाडी पुलावरून हळू निघाली. खाली दुसरा पूल होता, पाण्याचा, शांत, पुरता जुळलेला. त्याच्यावरूनही एक गाडी गेली, पांढरी, उलटी, हळू, आणि तिच्यातही एक बाई पुढच्या जागेवर बसली होती.